दुसरा खांब

स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला आणि मला पहिल्यांदा आठवला तो मैदानातला लोखंडी खांब. आपल्या शाळेत बास्केटबॉलचा खांब एकच होता. त्याच्यासमोर अर्ध्या कोर्टाएवढं सिमेंट, पुढं सगळा मुरूम आणि मुरमाच्या टोकाला कडुलिंब. चेंडूही एकच, सात नंबरचा म्हणजे पुरुषांचा मोठा, मुलामुलींचा मिळून. आम्ही अकरा मुली. चेंडू जिच्या हातात जास्त वेळ राही तिच्यावर बाकीच्या दहाजणी चिडायच्या. मी सगळ्यांत बुटकी होते. हातात आला की लगेच कुणाला तरी देऊन टाकायची. ते बघून खेळाचे सर म्हणाले, "ही पॉइंट गार्ड होणार." याचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

सरांनी समजावलं, चेंडू पुढं आणून बाकीच्यांना पोचवणारी ती पॉइंट गार्ड. ते मी घरी वडिलांना सांगितलं. ते यंत्रमागावर चादरी विणायचे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू धोटा. इकडून तिकडं धागा पोचवायचा." याहून नेमकं मला पुढं कुणी सांगितलं नाही.

2005 साली मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ 2004 मध्येच मिळालं होतं. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळं आधीच्या ताईंना विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलींशी झुंजावं लागे. आम्ही त्या मानानं नशीबवान. कॉलेजच्या संघात मी आले, चार नंबरची जर्सीही मिळाली. (तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमानं नंबर चारपासून पंधरापर्यंतच असायचे, कारण एक, दोन, तीन ही बोटं पंचांना गुण दाखवायला लागत.)

पहिल्याच आंतरमहाविद्यालयीन सामन्यात माझी फजिती झाली. चेंडू आपल्या अर्ध्या भागातून आठ सेकंदांत मधल्या रेषेपलीकडं न्यावा लागतो. शाळेत आमचा सराव अर्ध्या कोर्टावरच व्हायचा, आणि शालेय स्पर्धांत इतक्या मागं येऊन कुणी अडवत नसे. इथं समोरच्या संघानं पूर्ण कोर्टभर दाब टाकला. दोघीजणी मला साइडलाइनच्या कोपऱ्यात गाठायच्या, मी ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, थांबवायची, चेंडू दोन्ही हातांत धरून आजूबाजूला बघत राहायची, आणि शिट्टी. पहिल्या हाफमध्ये तीन वेळा हेच झालं. मग मला बाहेर बसवलं ते सामना संपेपर्यंत.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही, सायकल थेट शाळेकडं वळवली. सर जाळी काढत होते. सगळं ऐकून त्यांनी धीराचा एक शब्दही दिला नाही. खोलीतून दोरी, टेप आणि फक्कीची बादली आणली. "कोर्ट 28 मीटरचं असतं. 14 आपल्याकडं आहे. उरलेलं आखू." सिमेंटच्या कडेपासून कडुलिंबापर्यंत त्यांनी मुरमावर पांढऱ्या रेषा ओढल्या.

दिवाळीपासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथं जायची. मुरमावर चेंडू वाकडा उडतो. तो ताब्यात ठेवायचा तर गुडघ्याखालीच ठेवावा लागतो आणि जोरानं आपटावा लागतो. नजर सारखी खाली जायची. म्हणून सर समोर उभे राहून बोटं दाखवायचे आणि पळता पळता मी आकडा ओरडून सांगायचा. नववीतली दोन पोरं अडवायला असायची. सर मोठ्यानं आठ अंक मोजायचे. दाबाखाली ड्रिबल उगाच थांबवायचा नाही, कोपऱ्याकडं वळायचं नाही, आणि दुसरी मुलगी आपल्याकडं निघाली की ती पोचायच्या आतच पास द्यायचा, कारण ती जिथून निघाली तिथली आपली मैत्रीण त्या क्षणी मोकळी असते. मधली रेषा ओलांडली तरी तिथंच थबकायचं नाही, कारण आता मागं जाता येत नाही आणि ती रेषाच तिसऱ्या रक्षकासारखी पाठीशी उभी राहते. हे सगळं मी मुरमावर शिकले. मग गुळगुळीत कोर्टावर, महिलांच्या सहा नंबरच्या चेंडूनं खेळताना हाताला काही जडच वाटेना.

दुसऱ्या वर्षी आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी, संघात आली. साखर पेठेजवळची, तेलुगू बोलणारी, उंच, शांत. तिची आई विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी, म्हणून मोजण्यात मायलेकी दोघी पक्क्या. आमच्या चालींना नंबर होते. बाहेरगावच्या संघांना ते कळू नयेत म्हणून तिनं मला शिकवलं, ओकटी, रेंडू, मूडू. मी डावा हात वर करून "रेंडू!" ओरडले की ती फ्री थ्रो रेषेपाशी येऊन स्क्रीन लावायची, म्हणजे मला अडवणारीच्या वाटेत उभी राहायची, मी तिच्या खांद्याला घासून आत शिरायची, आणि तिची रक्षक माझ्याकडं वळली की चेंडू पुन्हा तिच्या हातात. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत गेलो तेव्हा गुजरात, राजस्थानच्या मुली आमच्याकडं बघतच राहायच्या.

तिसऱ्या वर्षी मी कर्णधार होते. पश्चिम विभागातून पुढं आम्ही गेलो नाही, त्याची हळहळ अजून आहे.

बास्केटबॉलच्या अधिकृत गुणपत्रिकेत गुण लिहितात, फाउल लिहितात, टाइमआउट लिहितात. पास लिहायला तिथं रकानाच नाही. तीन वर्षांच्या त्या कागदांवर माझ्या नावापुढं फार थोडं आहे. शेवटच्या सामन्यानंतर गाडीत सेंटरनं आपली वही माझ्या हातात दिली. मागच्या पानांवर पाच-पाचच्या जुड्यांत रेघा मारलेल्या होत्या. माझ्या पासवर पडलेली प्रत्येक बास्केट तिनं सामन्यानंतर आठवून आठवून नोंदवली होती, सामन्याची तारीख घालून. ती वही माझ्या कपाटात आहे.

शाळेत गेल्या महिन्यात येऊन गेले. सिमेंट नवं झालंय, खांब अजून एकच आहे. आम्ही जुन्या मुलींनी दुसऱ्या खांबाचे आणि उरलेल्या अर्ध्या कोर्टाचे पैसे जमवले आहेत. तो खांब सरांनी फक्की जिथवर ओढली होती तिथं रोवावा, एवढी विनंती. कडुलिंब तेवढा तोडू नका. हाफ टाइमला आम्ही त्याच्याखालीच बसायचो.