छातीवर हात

स्पेनमधल्या व्हियाफ्रांका देल बिएर्सो गावातून सान्तियागोची, म्हणजे येशूचा शिष्य प्रेषित याकोब जिथे पुरलाय असं मानतात त्या तीर्थाची, वाट धरली तेव्हा पाठीवर सात किलोंची पिशवी होती आणि डोक्यात ल्यूथर, प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा. प्रेषित याकोबाच्या कबरीबद्दल त्याने प्रवचनात सुनावलं होतं, की तिथे याकोब पुरलाय की मेलेलं कुत्रं की घोडं, कुणाला ठाऊक! मीही प्रॉटेस्टंट घरातली. अवशेषांपुढे गुडघे टेकायची सवय नाही. तरी निघाले, कारण चर्चच्या कमिटीत अकरा वर्षं काढल्यावर बायबल म्हणजे ठराव मांडण्याआधी वाचायचा उतारा, एवढंच माझ्यापाशी उरलं होतं.

या गावातल्या याकोबाच्या चर्चला ‘क्षमेचं दार’ आहे. आजारपणामुळे पुढे चालणं अशक्य झालेल्या यात्रेकरूला पूर्वी या दारातच सान्तियागोला पोचल्याचं फळ, म्हणजे पापदंडाची माफी, मिळायची. 1517 मध्ये ज्यावरून ल्यूथरचं बंड पेटलं ती हीच माफी. माझ्या शिकवणीप्रमाणे दार चुकीचं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘तू पोचलास’ असं सांगणाऱ्याचं काळीज मला चुकीचं वाटेना.

पहिल्याच दिवशी जवळजवळ तीस किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा ओ सेब्रेइरोचा चढ. गाव सुमारे 1300 मीटर उंचीवर. उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला. सोबत चालणाऱ्या कोरियन बाईंनी मला दगडावर बसवलं, सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्ही टोकं लोंबती ठेवली. पाणी त्या दोऱ्यावाटे झिरपून जातं. त्या माझ्या पायाशी वाकल्या होत्या. येशू शिष्यांचे पाय धुतो तो योहानाचा तेरावा अध्याय आठवायला हवा होता. आठवली फक्त आई.

वाटेवरचे पिवळे बाण हे याच गावच्या एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूंचं काम. यात्रा जवळपास विसरली गेली होती, तेव्हा 1984 पासून त्यांनी रंगाचा डबा घेऊन दगडांवर, झाडांवर, भिंतींवर बाण काढले. 1989 मध्ये ते वारले. परिसंवाद नाहीत, परिपत्रकं नाहीत, फक्त बाण. आमच्या कमिटीला हे सुचलं नसतं. आधी उपसमिती नेमली असती.

इथल्या चर्चमध्ये बाराव्या शतकातला एक प्याला जपून ठेवलाय. त्याची दंतकथा अशी: एका वादळी हिवाळ्यात खालच्या वाडीतला शेतकरी मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी, डोंगर चढून आला. वेदीपाशी उभ्या साधूचा स्वतःचाच विश्वास आटलेला. एवढ्याशा भाकरीसाठी आणि द्राक्षारसासाठी हा मूर्ख इतका चढला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी भाकर मांस झाली, द्राक्षारस रक्त. कथा खरी का, हे मी विचारत नाही. मला त्यातली दिशा आवडली. वेदीवरून खाली बघणाऱ्याची चूक निघाली, चढून आलेल्याची नाही.

संध्याकाळी मिस्सा होती. रांगेत उभी राहिले, पण प्रॉटेस्टंटांना तिथे सहसा कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, देत नाहीत, हे ठाऊक होतं. कोरियन बाईंनी खूण करून दाखवलं तसे दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले. फादरांनी थांबून कपाळावर क्रूस काढला, पुटपुटत आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. नियम होता. मी बाकावर येऊन बसले आणि पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

चार वर्षांपूर्वी आमच्या कमिटीपुढे एका बाईचा विषय आला होता. तिने विश्वासाबाहेर लग्न केलं म्हणून तिचं प्रभुभोजन थांबवावं, असा ठराव. मी बोलले नाही, हात मात्र वर केला. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून झापलं ते प्रभुभोजनावरूनच: कुणी उपाशी, कुणी पिऊन तर्र, आणि म्हणे हे प्रभूचं भोजन! ‘अयोग्य रीतीने’ हे शब्द त्याच अध्यायातले. आम्ही ते ठरावात तिच्यासाठी वापरले. पौलाचा रोख यजमानांवर होता, हे आमच्यापैकी कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही, आणि रविवारच्या शाळेत तो अध्याय मीच शिकवते.

पुढचे दिवस भराभर गेले. सारिया गावापासून गर्दी, शेवटचे शंभर किलोमीटर चाललं आणि रोज दोन शिक्के घेतले की प्रमाणपत्र मिळतं, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. मी चालताना बायबलमधले याकोबाचे प्रसंग वाचत होते. लूकच्या नवव्या अध्यायात येशू यरुशलेमेच्या वाटेवर असतो आणि एक शोमरोनी गाव त्याला थारा देत नाही. याकोब आणि योहान लगेच विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना जाळू का? येशू धमकावतो, तेही या दोघांना. आणि ते दुसऱ्या गावाला जातात. इतकंच. मार्कमध्ये हेच दोघे भाऊ उजवी-डावी जागा मागतात. मी पिणार तो प्याला तुम्हाला पिता येईल का, असं विचारल्यावर ‘येईल’ म्हणून मोकळे होतात. पुढे हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो. प्रेषितांच्या कृत्यांत त्याला एक ओळ मिळते. शास्त्र त्याचा उतावीळपणा झाकत नाही, आणि मरणाची आरासही करत नाही.

सान्तियागोच्या कॅथीड्रलमध्ये मात्र दुसरा याकोब भेटतो, पुतळ्यातला. पांढऱ्या घोड्यावर, हातात तलवार, मूरांचा, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानांचा, संहार करणारा. 844 मधल्या क्लाविहोच्या लढाईत तो स्वर्गातून उतरला म्हणतात. ती लढाई झालीच नाही, असं इतिहासकार सांगतात. ज्याला अग्नी नाकारला त्याच्याच हाती चर्चने तलवार दिली. आता त्याची लाज वाटते म्हणून घोड्याच्या टापांखालची माणसं फुलांनी झाकलेली असतात.

तळघरात चांदीची पेटी आहे, तिथे रांग लावली, आत डोकावले, बाहेर आले. ल्यूथर आठवला आणि हसूही आलं. मग परत त्या घोड्यापाशी गेले. फुलं ताजी होती, पाकळ्यांवर पाणी. देठांमधून काही दिसतं का म्हणून वाकले. टाच अजून ठणकत होती, दोरा तसाच होता.

खिशातला फोन काढला. तिचा नंबर माझ्याकडे आहे.