पंधरा-तीस-पाच

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नाशिक-धुळे, नाशिक-नंदुरबार, मध्ये काही वर्षं पुण्याची रातराणी. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलाय त्यांनी. तर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला, एल कमिनो रिअल या रस्त्यावर, लाल सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या जुन्या कोरोलाला मागून एका पिकअपने ठोकलं, तेव्हा मागच्या सीटवरून बाबांचं पहिलं वाक्य आलं, "गाफील होता तो. आरशात बघत होतो मी." दुसरं वाक्य मानेवर हात ठेवून, "जरा आखडलंय."

पिकअपवाला भला माणूस होता. मागे रंगाचे डबे, शिडी. दहादा सॉरी म्हणाला, आईला पाण्याची बाटली दिली. इथे अपघात झाला की रस्त्यावर आवाज चढवत नाहीत, एकमेकांच्या विम्याच्या कार्डाचा फोटो काढतात आणि आपापल्या वाटेने जातात. मीही काढला. घरी येऊन त्याच्या कंपनीला फोन लावला तर कळलं, हप्ते थकल्यामुळे त्याची पॉलिसी तीन महिन्यांपूर्वीच बंद झाली होती.

"बरं, मग आपला विमा देईल की," आई म्हणाली.

तिथेच तर गोची होती. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे गाडीचा विमा बहुतेक जण निवडत नाहीत, तो गाडीबरोबर येतो. शोरूमवाला काढून देतो, आपण 'फर्स्ट पार्टी आहे ना?' एवढं विचारतो, फार तर झिरो डेप घेतो, म्हणजे सुटे भाग जुने म्हणून भरपाईत कपात नको. कागद डिकीतल्या पिशवीत जातो. आपल्या गाडीने कोणाला इजा झाली किंवा कोणी दगावलं, तर थर्ड पार्टी विम्याची कंपनी न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई देते. त्या रकमेला कायद्याने कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. म्हणजे 'मी किती रुपयांपर्यंत जबाबदार?' हा प्रश्न आपल्या डोक्यात कधी येतच नाही.

कॅलिफोर्नियात पहिला प्रश्न तोच असतो. तीन आकडे निवडायचे. तुमच्या चुकीने एका माणसाला इजा झाली तर कंपनी किती देणार, एका अपघातातल्या सगळ्या माणसांचे मिळून किती, आणि समोरच्याच्या गाडीचे, कुंपणाचे, दुकानाचे किती. हे आकडे हजार डॉलरांत. मी २०२१ मध्ये गाडी घेतली तेव्हा कायद्याने किमान होते १५/३०/५. पंधरा-तीस-पाच. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "जुनी गाडी आहे, रोख घेतलीस, सगळ्यात स्वस्त घे." मी घेतला. हे आकडे १९६७ सालापासून तसेच होते हे मला कोणी सांगितलं नाही. १९६७ ला पाच हजार डॉलरमध्ये दोन नव्या गाड्या आल्या असत्या. आता सनीवेलच्या रस्त्यावर डावीकडे टेस्ला, उजवीकडे टेस्ला, पाच हजारांत एकीचा बंपर आणि सेन्सर झाले तरी पुष्कळ. आकड्याच्या वरचं सगळं आपल्या अंगावर. समोरचा कोर्टात गेला तर पगारातूनही वसुली होऊ शकते.

(१ जानेवारी २०२५ पासून हे किमान आकडे ३०/६०/१५ झाले. दुप्पट-तिप्पट झाले खरे, पण इथल्या हॉस्पिटलचं बिल ज्याने एकदा पाहिलंय तो यावर निर्धास्त झोपणार नाही.)

मी आणखी एक घोळ घातला होता. इथल्या यादीत 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हा शब्द दिसला की आपल्याला वाटतं, झालं, सगळं आलं. आपल्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे जवळजवळ सगळं. इथे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, आग, पूर, फुटलेली काच, अंगावर पडलेलं झाड, आडवं आलेलं हरीण. आपली गाडी कशाला आदळली तर त्यासाठी 'कोलिजन' वेगळं घ्यायचं. कर्जाची गाडी असेल तर बँक दोन्ही घ्यायलाच लावते, रोखीच्या गाडीला कोणी विचारत नाही. 'फुल कव्हरेज' असंही एजंट म्हणतात. त्याला काही ठरलेला अर्थ नाही, ते ऐकलं की उलट जास्त प्रश्न विचारायचे.

आणि मग ती ओळ. 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट', म्हणजे समोरच्याकडे विमाच नसेल तर. कॅलिफोर्नियात कंपनीने हे देऊ केलंच पाहिजे आणि नको असेल तर ग्राहकाने लेखी नको म्हटलं पाहिजे, असा कायदा आहे. मी म्हटलं होतं. फोनवर, रात्री अकराला, खाली-खाली सरकवत. आठवतही नव्हतं. अपघातानंतर कंपनीच्या बाईने माझ्याच सहीचा तो कागद मला मेलवर पाठवला.

विमा इथे सक्तीचा आहे, मग विनाविमा कोण फिरणार, असं मला वाटलं होतं. २०१९ साठीच्या इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अंदाजात कॅलिफोर्नियातले १६.६ टक्के ड्रायव्हर विनाविमा होते, म्हणजे सहातला एक. देशभरात आठातला एक. न्यू जर्सीत फक्त ३.१ टक्के, मिसिसिपीत २९.४. राज्य बदललं की नशीब बदलतं. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीचा सल्ला इथे बे एरियात चालत नाही. टेक्सासमधल्या डॅलसचाही नाही. तिथे नव्या माणसाला क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्जफेडीची नोंद, नाही म्हणून प्रीमियम जास्त पडू शकतो. कॅलिफोर्नियात क्रेडिट स्कोअर पाहता येत नाही. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या कायद्यानुसार ड्रायव्हिंगचं रेकॉर्ड, वर्षाचे मैल आणि ड्रायव्हिंगची वर्षं यांनाच सगळ्यात जास्त वजन.

तर आमचा हिशेब. गाडीचं बिल २,९०० डॉलर, माझ्या खिशातून. कोलिजन नसणाऱ्यांसाठी विनाविमा ड्रायव्हरपासून गाडीचं संरक्षण ३,५०० डॉलरपर्यंत मिळतं, आणि ठोकणारा कोण ते माहीत असावं लागतं. आम्हाला तर नाव, नंबर, शिडीसुद्धा माहीत होती. पण मी नको म्हटलं होतं. बाबांच्या मानेचा एक्स-रे, डॉक्टर, फिजिओथेरपी. त्यांच्या प्रवास विम्याच्या कंपनीने आधी डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायचा वाटा, लावला आणि मग विचारलं की मणक्याची झीज आधीपासूनची नाही कशावरून. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाच्या मणक्याला झीज नसेल तर काय असेल?

मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट'चा इजेचा भाग फक्त मालकापुरता नसतो, गाडीत बसलेल्या सगळ्यांना लागू होतो. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, ज्यांच्याकडे इथला आरोग्य विमा नसतो, त्यांना याचीच सगळ्यात जास्त गरज. मी त्यांच्यासाठी गाडीत उशी ठेवली, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, आणि हे काढून टाकलं.

पिकअपवाल्यावर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जाता आलं असतं, तिथे वकील लागत नाही, आता १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा चालतो. पण निकाल लागणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. ज्याला विम्याचा हप्ता परवडला नाही त्याच्याकडून मी काय वसूल करणार होते? बाबाही म्हणाले, "सोड. त्याच्या शिडीवर जप्ती आणणार आहेस का?"

नंतर पॉलिसी नव्याने घेतली ती एका रविवारी सकाळी, टेबलाशी बसून, चहा घेऊन. १००/३००/१००, आणि विनाविमा ड्रायव्हरसाठीही १००/३००. तो आकडा स्वतःच्या जबाबदारीच्या आकड्यापेक्षा वर नेता येत नाही, म्हणून आधी पहिला वाढवायचा. यातच समोरच्याचा विमा अपुरा पडला तर काय, तेही येतं. पण इथे बेरीज नाही, वजाबाकी आहे. समोरच्याचे १५ हजार आणि माझे १०० असतील तर माझी कंपनी जास्तीत जास्त ८५ देणार. माझेही १५ असते तर शून्य. किमान आकड्यावर ही ओळ घेतली तर किमान आकडेवाल्यासमोर तिचा काही उपयोग नाही, हे मला ती वजाबाकी स्वतः कागदावर मांडेपर्यंत कळलं नव्हतं.

वर थोडं 'मेडिकल पेमेंट्स' घेतलं, ते चूक कोणाची हे न बघता गाडीतल्यांचा दवाखान्याचा खर्च देतं. सगळं मिळून सहा महिन्यांना १४० डॉलर वाढले, माझ्या बाबतीत. यातही कंपनी काही मावशी होत नाही बरं का. विनाविमा ड्रायव्हरचा दावा केला की आपलीच कंपनी त्या ड्रायव्हरच्या जागी उभी राहते आणि रकमेवरून आपल्याशीच वाद घालते. जुळलं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं.

ठोकून पळून गेला तर इजेचा दावा करता येतो, पण गाडीला गाडी लागलेली हवी आणि २४ तासांत पोलिसांना कळवलेलं हवं. हे मी चिकटपट्टीने ग्लोव्ह बॉक्सच्या आत लावून ठेवलंय.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले. विमानतळावरून घरी येताना बाबांनी मागून विचारलं, "या वेळी कागद नीट आहेत ना?" मी ग्लोव्ह बॉक्स उघडायला सांगितला. आईने तो कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी चष्मा काढून, लांब धरून, पूर्ण वाचला आणि म्हणाले, "चोवीस तास कशाला? आमच्याकडे डेपोत पहिल्या तासात रिपोर्ट लागायचा."