खोक्यातून गच्चीवर: सहा इंची डॉब्सोनियन पुन्हा कामाला

घर बदललं की दुर्बिणीचं खोकं बहुतेक सगळ्यात शेवटी उघडतं, आणि उघडल्यावर पहिला हात जातो तो आरसा पुसायला. तो आवरावा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा सहसा ठीकच असतो. प्रतिमा बिघडते ती सैल स्क्रू, आरसा धरणाऱ्या आवळलेल्या क्लिपा आणि हललेलं कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, यांमुळे. दुर्बीण आहे डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फळ्यांच्या पायावर हाताने फिरवायची; आरशाचा व्यास १५० मिमी, एफ/८, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट, १२०० मिमी. पाया, आरसा आणि कॉलिमेशन मार्गी लागलं आहे, जागेचं काम अजून निम्मं बाकी आहे.

पायापासून सुरुवात केलेली बरी. पार्टिकल बोर्ड ओल लागून कडेला फुगतो आणि स्क्रूची भोकं सैल होतात. काड्यापेटीच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठासायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि मग स्क्रू हाताने पिळायचा. मशीनने पिळला तर भुसा पडतो आणि पकड पुन्हा जाते. टेफ्लॉनच्या पट्ट्या फक्त पुसायच्या, तेल अजिबात नको, त्यावर धूळ बसते आणि नळी अडखळत सरकते. बोटाने ढकलली की हलावी आणि सोडली की तिथेच थांबावी, एवढी घासण हवी. आडवी फिरताना जड जात असेल तर प्लॅस्टिकच्या झाकणातून कापलेले एक-दोन वॉशर मधल्या बोल्टवर, दोन फळ्यांच्या मध्ये घालावेत. थोडा भार मध्यावर येतो आणि कडेच्या तीन पट्ट्या हलक्या होतात. वॉशर जास्त झाले तर पाया डुगडुगतो.

आता आरसा. नुसती धूळ असेल तर हवेचा फुगा मारून सोडून द्या. धुळीपेक्षा चुकीच्या पुसण्याने जास्त नुकसान होतं. बुरशीचे डाग किंवा चिकट थर असेल तरच धुवावा. काढण्याआधी आरशाच्या कडेवर आणि सेलवर (आरसा बसतो त्या चौकटीवर) पेन्सिलीने जुळणारी खूण करा. हातातल्या अंगठ्या काढा, टबच्या तळाशी टॉवेल घाला, खोलीच्या तापमानाच्या पाण्याची धार दोन-तीन मिनिटं सोडा, मग भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजू द्या. पाण्याखालीच कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्या वजनाने एका दिशेत ओढायचा, दाब शून्य, प्रत्येक ओढीला नवा बोळा. शेवटी अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा तिरका ठेवायचा आणि उरलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपायचे. नळाचं पाणी तसंच वाळलं तर क्षारांचे गोल डाग राहतात. आरशाच्या मध्यावरची खूण काढू नका; तो भाग दुय्यम आरशाच्या, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या तिरक्या आरशाच्या, सावलीतच असतो.

परत बसवताना क्लिपा आवळण्याचा मोह सगळ्यात घातक. क्लिप आणि काच यांत कागद सरकेल एवढी फट हवी. आरसा दाबला गेला की तारा तिकोनी दिसतो, आणि कॉलिमेशन कितीही केलं तरी तो सुधारत नाही.

कॉलिमेशन करताना नळी आडवी ठेवा, म्हणजे निसटलेली ॲलन की आरशावर पडणार नाही. फोकसरच्या (आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, बसतं त्या भागाच्या) समोरच्या नळीच्या भिंतीला आतून पांढरा कागद लावा आणि मुख्य आरशाच्या वाटेत रंगीत कागद धरा. दुय्यम आरशाची कड स्वच्छ दिसते. ती फोकसरच्या मधोमध आणि गोल दिसली की रंगीत कागद काढा, दुय्यम आरसा कलवून मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसतील असं करा. मग चेशायरमधून (फोकसरमध्ये बसवायच्या कॉलिमेशनच्या नळीतून) बघत मधली खूण मुख्य आरशाच्या स्क्रूंनी केंद्रात आणा. लॉकचे स्क्रू शेवटी, आळीपाळीने थोडे थोडे. एकच आवळला तर सगळं पुन्हा हलतं. कॉलिमेशनसाठी लेझर वापरणाऱ्यांनी तो आधी फोकसरमध्ये फिरवून बघावा. ठिपका वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे.

अंतिम निवाडा ताऱ्याचा. ध्रुव बरा, जवळजवळ हलत नाही. ६ मिमी आयपीसने २०० पट मोठेपणा मिळतो. फोकस किंचित बाहेर नेला की एकात एक कडी दिसायला हवीत. कडी एका बाजूला सरकलेली असतील तर स्क्रू अगदी थोडा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा आणि मगच बघा. हे मध्यावर आणणं विसरलं की चुकीच्या दिशेने दुरुस्ती होते.

नव्या घरात खरा अभ्यास जागेचा. काँक्रीटची गच्ची दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे संध्याकाळी गुरू-शनी उकळत्या पाण्यात असल्यासारखे दिसतात. गच्चीवर पाणी मारलं तर थोडा फरक पडतो, पण ग्रहांसाठी उत्तररात्रच बरी. नळी तासभर आधी बाहेर काढा. आरसा गरम असला की फोकसबाहेर नेलेल्या ताऱ्यावर हलणाऱ्या लाटा दिसतात. त्यांना कॉलिमेशनचा दोष समजू नका, नाहीतर बरोबर लागलेले स्क्रू उगाच फिरवले जातील. बाल्कनीत बसणार असाल तर खोलीचं दार बंद ठेवा; आतली गरम हवा नेमकी नळीच्या तोंडासमोरून वर जाते.

रस्त्यावरच्या दिव्यांसाठी नळीच्या तोंडावर काळ्या कार्डपेपरची, व्यासाच्या दीडपट म्हणजे सव्वादोनशे मिमी लांबीची टोपी पुरते. फोकसरच्या अगदी समोर काळी मखमल चिकटवायची राहिली आहे. भटका प्रकाश सगळ्यात जास्त तिथूनच आयपीसमध्ये शिरतो, त्यामुळे अंधूक तेजोमेघांकडे वळण्याआधी ते काम करायचं आहे.

चाचणीसाठी जोडतारे सोपे पडतात. सप्तर्षीतला वसिष्ठ, जोडीतलं अंतर १४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), ४८ पटीलाही फुटतो. पुनर्वसूतला कॅस्टर, पाच-सहा विकला, १२० पट घ्या. अभिजितजवळच्या एप्सिलॉन लायरीच्या दोन्ही जोड्या साधारण सव्वादोन विकलांच्या. २०० पटीला चारही तारे सुटे दिसले तर स्क्रूंना हात लावू नका. दोन्ही जोड्या लांबट ठिपक्यांसारख्या राहिल्या तर आधी अर्धा तास थांबून आरसा निवू द्या, त्यानंतर क्लिपा तपासा, आणि मगच चेशायर काढा.