दोन लोडशीट, एकच शहर

सकाळचे ६.१० आणि ६.२५. दोन विमानं, दोन्ही एअरबस ए-३२०, दोन्ही दक्षिणेतल्या एकाच शहराला. एकात ६१ प्रवासी, दुसऱ्यात ५८. आमची ग्राउंड हँडलिंग एजन्सी (विमान जमिनीवर असतानाची कामं करणारी) नागपूर विमानतळावर दोन्ही कंपन्यांचं काम पाहायची, त्यामुळे दोन्ही लोडशीट माझ्याच टेबलावर तयार झाल्या. ६.१० वाली कंपनी स्वस्त तिकिटांची, आणि या मार्गावरची तिची ती शेवटची फेरी. ६.२५ वाली जुनी, मोठी, जेवण देणारी. कंपन्यांची नावं लिहीत नाही, शहराचंही नाही. मार्ग बंद करताना कागदावर जे कारण आलं, ‘अपुरी मागणी’, ते मला अजून पटलेलं नाही. लिहितोय ते त्यासाठी.

लोडशीट म्हणजे विमानाच्या वजनाचा हिशेब. भारतात मोठ्या माणसाचं वजन हातातल्या सामानासकट ७५ किलो धरतात, दोन ते बारा वर्षांच्या मुलाचं ३५, तान्ह्या बाळाचं १०. कुणाला काट्यावर उभं करत नाहीत, करायची गरजही नसते. त्या दिवशी ६१ मोठे, म्हणजे ४,५७५ किलो. ४७ बॅगा, ५९० किलो. क्रू आणि पॅन्ट्रीसह तयार विमानाचं वजन ४२.८ टन. बेरीज जेमतेम ४८ टन. इंधन सोडून हे विमान ६२ टनांच्या आसपास वजन घेऊ शकतं.

आता बाहेरच्या माणसाला चटकन न कळणारी गोष्ट. हेच विमान १८० जणांनी भरलं असतं तर वजन सुमारे दहा टनांनी वाढलं असतं. सव्वा तासाच्या उड्डाणाला साधारण तीन टन इंधन लागतं, आणि दहा टन वजन कमी झाल्याने वाचतं ते तीनशे किलोच्या घरात. प्रवासी दोन तृतीयांश घटले तरी इंधन घटतं जेमतेम एक दशांश. विमानाचं भाडं, पायलट, लँडिंग, पार्किंग, आमचं हँडलिंग, यातला एक रुपयाही कमी होत नाही. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो. म्हणून रिकाम्या सीटचा खर्च जवळपास भरलेल्या सीटइतकाच येतो.

विमान हलकं म्हणून त्यांच्या डिस्पॅचने, म्हणजे उड्डाणाचं नियोजन करणाऱ्या विभागाने, नागपुरातूनच परतीच्या फेरीचंही इंधन भरायला सांगितलं होतं. याला टँकरिंग म्हणतात. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावतं. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. नागपुरात तो आधीपासूनच पुष्कळ कमी. जास्त इंधन वाहून नेण्यातच थोडं जळतं, दर तासाला जादा वजनाच्या तीनेक टक्के. पण पलीकडचा कर जास्त असेल तर तरीही फायदा राहतो. प्रवाशांच्या जागी इंधन भरून ती फेरी थोडे पैसे वाचवत होती.

रिकाम्या विमानाचं ट्रिम, म्हणजे वजनाचा पुढचा-मागचा तोल, भरलेल्यापेक्षा जास्त डोकं खातं. केबिनचे आम्ही तीन भाग धरतो: पुढचा, मधला, मागचा. त्या दिवशी पुढे ३८, मध्ये १७, मागे ६. उतरताना लवकर बाहेर पडता यावं म्हणून लोक पुढच्या सीट घेतात. विमान भरलेलं असताना त्याने काही बिघडत नाही. पण सगळं ओझं पुढे गेलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, नाक जड होतं, शेपटीला ते तोलून धरावं लागतं आणि इंधन जास्त जातं. म्हणून ४७ च्या ४७ बॅगा मागच्या होल्डमध्ये (सामानाच्या कप्प्यात) टाकल्या, आणि केबिन क्रूला सांगितलं की टेक-ऑफआधी कुणालाही आणखी पुढे बसू देऊ नका. बरेच क्रू हे मनावर घेत नाहीत. ‘विमान रिकामंच आहे, बसू द्या की’ म्हणतात. रिकामं आहे म्हणूनच बसू द्यायचं नसतं.

ही कंपनी या मार्गावर आली तेव्हा त्या शहराला नागपूरहून थेट विमानच नव्हतं. मुंबई किंवा दिल्लीमार्गे जा, नाहीतर रेल्वेने रात्र काढा. नवा मार्ग कसा रुजतो ते लोडशीटवर दिसतं. सुरुवातीला जे एरवीही विमानानेच जाणार असतात ते येतात. त्यांच्या बॅगा जड. मग सेकंड एसीवाले. तिकिटात चारपाचशेचाच फरक राहिला की ते ट्रेन सोडतात. मग तिकडे नोकरी करणाऱ्या पोरांचे आईवडील, पापड-लोणच्याची खोकी घेऊन. एप्रिल-मे मध्ये ३५ किलोवाल्यांचा आकडा फुगतो. सगळ्यात शेवटी येतो सकाळी जाऊन रात्री परतणारा. त्याच्याकडे एक लॅपटॉपची पिशवी. माणशी बॅगांची संख्या घसरायला लागली की मी समजायचो, मार्ग रुजतोय. हा प्रवासी तिकीट उशिरा काढतो, जास्त पैसे देतो, आणि आठवड्यातून दोनदा दिसतो. मार्ग त्याच्यावर उभा राहतो. त्याला यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कारण त्याला आधी खात्री हवी असते की हे विमान पुढच्या महिन्यातही राहणार आहे.

तो यायला लागला होता. ६१ जणांमागे ४७ बॅगा, हा आकडा तेच सांगतो.

आणि मार्चअखेरीस उन्हाळी वेळापत्रक लागलं तेव्हा दुसरी कंपनी आली. १५ मिनिटांच्या फरकाने, आणि परतीलाही तसंच.

दर कमी केल्यामुळे मार्ग मरतो असं सगळे म्हणतात. मला वाटतं तो वेळ जुळवल्यामुळे मरतो. दुसरं विमान दुपारी १ ला असतं तर सकाळच्याला सकाळचा भाव मिळाला असता. दुपारचं स्वस्त तिकीट घेणाऱ्यांना त्यांची वेळ मिळाली असती, आणि मिळून दोन्हींचे प्रवासी वाढले असते, कारण दिवसातून दोन वेळा उपलब्ध असलेलं शहर लोकांना जवळचं वाटतं. वेळ एकच झाली की प्रवाशाला निवडायला फक्त किंमत उरते. मग दोन्हींकडच्या संगणकांचं सुरू होतं. तिकिटांचे दर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. समोरच्याने खालची पायरी उघडली की यांचीही उघडते, रात्री कुणी माणूस जागा असो वा नसो. चार आठवड्यांत सगळ्यात खालच्या पायऱ्या निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत उघड्या राहायला लागल्या. उशिरा तिकीट काढणारा आमचा लॅपटॉपवाला, ज्याने जास्त पैसे द्यायचे, तोही स्वस्तात जाऊ लागला.

याबाबतीत नागपूरकरांचंही मला सांगायचं आहे. ‘आमच्याकडे विमान द्या’ म्हणून निवेदनं देणारे लोक विमान आल्यावर दीडशे रुपयांसाठी रोजची फेरी सोडून दुसरीकडे वळतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण ज्या संस्था आणि कार्यालयं वर्षभर त्याच शहराला माणसं पाठवतात, त्यांनी तरी एका कंपनीशी वर्षाचा करार करायला हवा होता. कुणी केला नाही.

वेळ मुद्दाम जुळवली गेली का, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. मग त्याच दिवसाचे दुसऱ्या विमानाचे बॅग टॅग आठवतात. तिथे ५८ प्रवाशांमागे ६३ बॅगा, ९८० किलो. २५ किलोची सवलत असली की लोक ती वापरतात. त्यातल्या २६ बॅगांवर शेवटचं ठिकाण ते शहर नव्हतंच. तीन अक्षरी कोड पुढचे होते: सिंगापूर, क्वालालंपूर, कोची. स्वस्त कंपनी अ ते ब नेते, पुढच्या विमानाशी तिचं देणंघेणं नसतं. बॅगा उतरवून घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. मोठी कंपनी तीच बॅग शेवटपर्यंत पोहोचवते. म्हणजे तिला सकाळी ६.२५ हवे होते ते तिकडच्या पुढच्या उड्डाणांना जोड मिळावी म्हणून. शिवाय गर्दीच्या विमानतळावरचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या वाटून दिलेल्या वेळा, ८० टक्के वापरले नाहीत तर पुढच्या मोसमात त्यांवरचा हक्क जातो. अर्धं रिकामं विमान उडवूनही स्लॉट राखणं कधी कधी स्वस्त पडतं. नागपुरात धावपट्टीवर जागाच जागा. अडचण असते पलीकडे, आणि तिची किंमत इथला मार्ग मोजतो.

दोन्ही कंपन्यांची गिऱ्हाइकं बऱ्याच अंशी वेगळीच होती. त्यांना कुणी समोरासमोर बसवून ‘तुम्ही सकाळ घ्या, तुम्ही दुपार’ म्हणू शकत नाही. स्पर्धा कायद्याने ते बेकायदाच ठरेल. आणि धोरणाचंही छत्र नव्हतं. १९५३ ते १९९४ कायद्याने मक्तेदारीच सरकारी होती, तेव्हा कुठे विमान न्यायचं ते दिल्लीत ठरायचं. १९९४ मध्ये तो कायदा गेला, खासगी कंपन्यांना नियमित सेवेचं दार उघडलं आणि त्याच वर्षी मार्गवाटपाचे नियमही आले: महानगरांच्या कमाईच्या मार्गांवर उडायचं तर ठरलेल्या प्रमाणात ईशान्य, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप आणि उरलेल्या मार्गांवरही उडा. नागपूर त्या ‘उरलेल्या’त येतं. कुठलंही उरलेलं गाव चालतं, याच गावाला विमान ठेवा अशी सक्ती नाही. २०१६ च्या उडान योजनेत मात्र मार्ग जिंकणाऱ्या कंपनीला तीन वर्षं त्यावर एकटीला उडता येतं आणि तोट्याची भरपाईही मिळते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुटलं ते याच योजनेत, छोट्या, पंख्यांच्या एटीआर विमानावर. नवा मार्ग रुजायला तीन वर्षं लागतात हे सरकारला कळतं, याचा हा पुरावाच. पण आमच्यासारख्या मधल्या शहराला, ज्याला विमानतळ आहे, गर्दीही आहे, पण थेट मार्ग मोजके, त्याच्या नव्या मार्गाला एक मोसमाचंही संरक्षण नाही.

एटीआरची गोष्ट निघाली म्हणून. ८० पेक्षा कमी सीटच्या विमानाला देशांतर्गत फेरीत लँडिंग शुल्क नसतं, आणि मोठ्या एटीआरमध्ये जास्तीत जास्त ७८ सीट असतात. ६१ प्रवासी ७८ सीटच्या विमानात बसले असते तर तो मार्ग यशस्वी म्हणून गणला गेला असता. तेच ६१ जण १८० च्या विमानात बसले आणि अपयशी ठरले. दक्षिणेचं ते शहर एटीआरला जरा लांब, दोन तासांच्या वर, सकाळी जाऊन रात्री येणाऱ्याला परवडणारं नाही. हेही मान्य.

१९४९ मध्ये या शहराने याच्या नेमकं उलट पाहिलं होतं. रात्रीच्या हवाई टपालासाठी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डकोटा विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपाल आणि प्रवासी एकमेकांत अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. सोनेगावच्या धावपट्टीवर एकाच वेळी जमलेल्या त्या विमानांमुळे देशाचं टपाल रात्रीत पोहोचायचं. तिथे वेळ जुळवली होती ती देवाणघेवाणीसाठी.

त्या सकाळी आमचा लोडर सुपरवायझर दोन्ही विमानांच्या मध्ये उभा होता. ४७ बॅगांची एक ट्रॉली, ६३ ची दुसरी. मला म्हणाला, “साहेब, हे सगळं एकाच्याच पोटात मावलं असतं न जी. काहून दोन-दोन उडवून राहिले?” ११९ माणसं, १८० सीट. मी ट्रिमच्या शेवटच्या बदलावर सही करत होतो. चार जण आले नव्हते, त्यांच्या दोन बॅगा उतरवून दोनदा तपासाव्या लागल्या. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात राहू शकत नाही. ६.१० च्या ऐवजी ६.१७ ला पुशबॅक झालं, म्हणजे विमान मागे ढकलून जागेवरून हललं. उतरलेलं विमान पंचवीस मिनिटांत पुन्हा निघायला तयार करणाऱ्या कंपनीने शेवटच्या दिवशी सात मिनिटं उशीर केला, आणि उशिराच्या कारणाचा कोड मलाच भरावा लागला.

दुसऱ्या दिवशी ६.२५ च्या विमानात ८३ प्रवासी होते. आदल्या दिवशी दोन्ही मिळून ११९. एकाच विमानात सगळे आले असते तर माझं म्हणणं खोटं ठरलं असतं, मागणी तेवढीच होती आणि विमानं जास्त होती असं म्हणता आलं असतं. पण ३६ जण आलेच नाहीत. आठवडाभर मी आकडा पाहत राहिलो, ८० ते ९० मध्येच फिरत राहिला, आणि माणशी बॅगा वाढल्या. दर दोन पायऱ्या वर गेला होता. लॅपटॉपवाले ट्रेनकडे गेले, किंवा जायचेच थांबले. ऑक्टोबरअखेर हिवाळी वेळापत्रक लागलं तेव्हा ते ६.२५ चं विमान दुपारी पावणेतीनला सरकलं.

बंद होणाऱ्या फेरीच्या अहवालात स्टेशनने, म्हणजे त्या विमानतळावरच्या कार्यालयाने, भरायचा एक रकाना असतो, ‘स्थानिक निरीक्षण’. त्यात मी दोन्ही विमानांचे आकडे एकत्र लिहिले, खाली बॅगांचं प्रमाण मोसमागणिक लिहिलं. परत आलेल्या प्रतीत तो रकाना कोरा होता. एका कंपनीच्या अहवालात दुसऱ्या कंपनीचे आकडे चालत नाहीत, असं सांगण्यात आलं.