चारच्या मीटिंगची शीट

"माझी फाइल उडाली" हे वाक्य आयटी सपोर्टमध्ये इतक्यांदा ऐकलंय, की बहुतेक वेळा मी खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. डाउनलोड्समध्ये बघा म्हणतो, तिथेच असते. त्या दुपारी अकाउंट्सच्या मॅडमचा आवाज ऐकून मात्र उठलो. सकाळभर बसून भरलेली एक्सेल शीट, अधूनमधून कंट्रोल-एस दाबून सेव्ह केलेली, आणि जेवून आल्यावर पत्ता नाही. चार वाजता ती साहेबांपुढे ठेवायची होती.

मी पोचेपर्यंत सल्लागार जमले होते. एकाचा रिसायकल बिन उपसून झाला होता. दुसरा "कॉम्प्युटर स्लो झालाय, म्हणून सापडत नाही" म्हणत डिस्क क्लीनअप उघडून बसला होता. त्याच्या हातातला माऊस मी आधी काढून घेतला.

"नाव काय दिलं होतं, मॅडम?"

"बजेट फायनल. की रिवाइज्ड? अहो, नाव मी दिलंच नाही. मेलमध्ये आली तशी उघडली आणि भरत बसले."

मग उलगडा झाला. आउटलुकमध्ये अटॅचमेंटवर डबल-क्लिक केलं की तिची एक प्रत ॲपडेटा या विंडोजच्या फोल्डरच्या पोटात, 'कंटेंट डॉट आउटलुक' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडते. आत पुन्हा आगापिछा नसलेल्या अक्षरांचा एक सबफोल्डर. मॅडमचं कंट्रोल-एस तिकडे जात होतं. ॲपडेटा हिडन, म्हणजे लपवलेला असतो. विंडोजचं सर्च इंडेक्सवर, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या यादीवर चालतं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ॲपडेटा त्यातून वगळलेला असतो, त्यामुळे तिथे कितीही वेळा 'बजेट' टाइप केलं तरी काही हाती लागणार नव्हतं. शिवाय हा फोल्डर तात्पुरता. साफसफाईत तोही उडू शकतो. म्हणून तो माऊस.

माझ्या पेनड्राइव्हवर 'एव्हरीथिंग' हा फाइल शोधणारा प्रोग्रॅम कायम असतो. ॲडमिन पासवर्ड टाकून सुरू केला. हा प्रोग्रॅम एकेक फोल्डर धुंडाळत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने मांडलेल्या ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते, तेच तो थेट वाचतो. काही सेकंदांत अख्ख्या डिस्कची यादी तयार, हिडन फाइल्ससकट.

'बजेट' टाकलं तर गेल्या कित्येक वर्षांची बजेटं धो धो आली. नाव पुसलं. माणसाला फाइलचं नाव धड आठवत नाही, पण कधी काम केलं ते पक्कं आठवतं. म्हणून 'डीएम:टुडे', म्हणजे आज बदललेल्या फाइल्स, आणि सोबत एक्सेलचं एक्स्टेंशन. जेमतेम मूठभर नावं उरली. सगळ्यात वर 'कॉस्टशीट_क्यू३ (००२)', वेळ १२:५२. बजेट हा शब्द नावात औषधालाही नव्हता. शेवटचा (००२) आउटलुकने जोडलेला; त्याच नावाची प्रत आधीपासून तिथे असली की तो असा आकडा लावतो.

तिथल्या तिथे न उघडता आधी डॉक्युमेंट्समध्ये कॉपी केली, मगच उघडली. शेवटची ओळ बघून मॅडम म्हणाल्या, "हीच! जेवायला जाताना इथेच थांबले होते."

"हे 'एव्हरीथिंग' माझ्या पीसीवरही इन्स्टॉल करून द्या ना," मॅडमनी लगेच फर्मावलं. नाही केलं. त्या पीसीवर दोन शिफ्टची माणसं बसतात, आणि याची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा भाग, चालू ठेवली तर साध्या लॉगिनवरूनही सगळ्यांच्याच फाइल्सची नावं दिसतात. पगाराच्या फाइल्सचीसुद्धा.