रिजवे, भर हिवाळ्यात: ४३ मैल झाले, ४४ उरले

परवा शनिवारी पाचला पाच कमी असताना आम्ही नऊ जण गोरिंगच्या पुलावर पोचलो. खाली थेम्स तुडुंब भरलेली, आणि आमच्या पोटऱ्या ताकात बुडवून काढल्यासारख्या पांढऱ्या. रिजवे म्हणजे दक्षिण इंग्लंडातली, डोंगराच्या कण्यावरून जाणारी लांब पायवाट. ती अर्धी संपली. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत ८७ मैल, त्यातले ४३ पायाखालून गेले.

हा स्पॉन्सर्ड वॉक आमच्या गावच्या हॉस्पिससाठी, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी आहे. चार टप्पे झाले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जमतील तसे शनिवार. हिशेब वहिनींकडे. काहींनी एकरकमी पैसे दिलेत, त्याचे १,१४० पौंड जमले. बाकीच्यांनी मैलामागे दिलेत, ते सगळे मिळून मैलाला २१ पौंड होतात, म्हणजे आजवर ९०३. उद्दिष्ट ३,००० चं. इथे कर भरणाऱ्यांकडून गिफ्ट एडच्या खुणेवर टिचकी मारून घ्यायला विसरू नका, पौंडामागे वरचे २५ पेन्स सरकार घालतं. पुण्याच्या मामांचे पैसे प्रेमाचे, पण त्यांना ते लागू नाही.

मैलामागे पैसे हा प्रकार मात्र आता आम्हाला थोडा महागात पडतोय. त्यावर पुढे येतो.

पहिला टप्पा ओव्हरटन हिल ते ऑग्बर्न सेंट जॉर्ज, सुमारे नऊ मैल. स्विंडनहून बसने एव्हबरीला उतरलो आणि तिथल्या प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळामधून चालत सुरुवातीला आलो. फायफील्ड डाउनवर सार्सन, म्हणजे कठीण वालुकाश्माचे दगड गवतात असे पसरलेत की लांबून मेंढ्या बसल्यासारख्या वाटतात. जुन्या लोकांनी त्यांना नावही तेच दिलंय, ‘ग्रे वेदर्स’, म्हणजे करडे मेंढे. वाटेपासून थोडं आत एक दगड आहे. त्यावर नवाश्मयुगात कुऱ्हाडी घासून घासून चर पडलेत. काकांनी त्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही तर सहाण.” स्टोनहेंजचे बहुतेक सार्सन इथून जवळच्याच वेस्ट वुड्समधून गेले, असं २०२० मध्ये दगडांच्या रासायनिक तपासणीतून निघालं. हे ऐकल्यावर कोल्हापूरकरांनी आपल्या सॅकच्या वजनाबद्दल बोलणं तासभर बंद ठेवलं.

मग बारबरी कासल. इथे सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाची पंचाईत होते. कासल म्हटल्यावर आपण बुरूज आणि दरवाजा शोधतो. इथे असतात ते लोहयुगातले मातीचे गोल बांध आणि खंदक, आत नुसतं गवत. काकांनी आख्खा बांध फिरून विचारलं, “किल्ला म्हणता, मग टाकं कुठंय?”

टाकं नाही, झरा नाही, काहीच नाही. आपल्या कातळात टाकं खोदलं की पाणी वर्षभर राहतं. हा डोंगर खडूचा, पाणी पिऊन टाकतो. ते पाणी खाली जिथे खडूचा थर संपतो तिथे झऱ्यांनी बाहेर येतं, आणि म्हणूनच सगळी गावं कण्याखाली, झऱ्यांच्या ओळीने वसलीत: बिशपस्टोन, ॲशबरी, किंग्स्टन लाइल, लेटकम. वर मेंढ्यांसाठी मातीने लिंपलेली तळी कुठे कुठे दिसतात, तेवढंच. चालणाऱ्यासाठी याचा अर्थ साधा आहे. चहा, बस, पब, पाणी, सगळं खाली मैल-दीड मैलावर. टप्पा संपला तरी उतरणं बाकी, आणि पुढच्या वेळी तेवढंच चढणं. हे मैल रिजवेचे नाहीत, सबब स्पॉन्सरला लावायचे नाहीत. हा नियम वहिनींचा. आम्ही विरोध करून पाहिला.

वरून पाणी मुरतं, मग चिखल कुठून, असं मलाही वाटलं होतं. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून दाबून चाकोऱ्या घट्ट झाल्यात, पाणी त्यातच साचतं. वर गारगोट्या. ओला खडू पायाखाली साबणासारखा सरकतो. पावसाळ्यात राजमाचीला घसरलेले लोक इथे कोरड्या दिवशी घसरले. उपाय एकच, चाकोरी सोडून कडेच्या गवतातून चाला. आयुष्यात पहिल्यांदा हा सल्ला शब्दशः उपयोगी पडला. गेटर, म्हणजे बुटांवरून पोटरीला बांधायची आवरणं, हवीतच, आणि काठ्या दोन घ्या, एकीने भागत नाही.

दुसरा टप्पा ॲशबरीपर्यंत, बारा मैल. लिडिंग्टन कासल २७७ मीटर, साऱ्या रिजवेवरची सर्वांत उंच जागा. त्यानंतर एम ४ मोटरवेवरचा पूल, आणि त्या आवाजात एक मैल. फार लिहिण्यासारखं नाही. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य चारच्या सुमारास मावळतो, एवढं मात्र त्या दिवशी नीट कळलं.

तिसरा टप्पा संक्रांतीनंतरच्या शनिवारी. गूळपोळ्या, दशम्या, ठेचा, थर्मासमध्ये आल्याचा चहा. जय्यत तयारी. आणि ॲशबरीत गाडीतून उतरल्यावर दहा पावलांत डोंबिवलीकरांच्या उजव्या बुटाचा तळ अख्खाच्या अख्खा सुटून मागे राहिला. बूट बारा वर्षांपूर्वीचे, भारतातून आणलेले, जेमतेम वापरलेले, कपाटात जपून ठेवलेले. जपून ठेवले हीच चूक. तळातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतून कुजत राहतं, तुम्ही चाला किंवा न चाला. वापरातले बूट झिजतात, ठेवलेले अचानक भुगा होतात. जुने बूट बाहेर काढणार असाल तर आधी तळ अंगठ्याने दाबून आणि वाकवून बघा, भेगा दिसल्या की घरीच ठेवा. आम्ही रुंद चिकटपट्टी आणि सुतळीने बांधून दिले. दुसरा बूट अर्ध्या तासाने गेला.

या सगळ्यात नऊला निघायचं ते सव्वादहा झाले. त्यात दाट धुकं. वेलँड्स स्मिदी ही जवळजवळ साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी, भोवती बीचची उंच झाडं, धुक्यात ती एकदम समोर आली. आख्यायिका अशी की घोडा आणि एक नाणं इथे ठेवून जा, परत याल तेव्हा वेलँड लोहाराने नाल ठोकलेली असेल. डोंबिवलीकरांनी दोन्ही बूट पुढे केले. तिथे गूळपोळ्या खाल्ल्या आणि खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जास्त वेळ बसलो.

अफिंग्टनचा पांढरा घोडा दिसला नाही. तसा तो जवळून कधीच नीट दिसत नाही. ११० मीटर लांबीचं चित्र, उतारावर चर खणून त्यात खडू ठासलेला, वय सुमारे तीन हजार वर्षं. कानाशी उभं राहिलं तर पायाखाली पांढरी पायवाट दिसते. दर उन्हाळ्यात लोक येऊन हातोड्यांनी नवा खडू ठोकतात, नाहीतर गवत केव्हाच गिळून टाकेल. आम्ही त्या दिवशी नुसतं धुकं बघितलं आणि पुढे निघालो.

पावणेदोनला ब्लोइंगस्टोन हिलचा रस्ता आडवा आला. ताशी तीन मैल हा सगळ्यांच्या डोक्यातला हिशेब, कोरड्या वाटेवर बरोबरही आहे. आमचा चिखलातला वेग भरत होता दोन. टप्पा जिथे संपवायचा होता त्या कोर्ट हिलपर्यंत साडेपाच मैल, म्हणजे पोचायला साडेचार वाजणार. सूर्यास्तही साधारण तेव्हाच, आणि धुक्यात त्याच्याही आधी अंधार. आणि तरी पाच मिनिटं आम्ही वाद घातला, कारण साडेपाच मैल म्हणजे ११५ पौंड. धर्माच्या पैशाला मैलाचा काटा लावला की हे होतं. एरवी जो माणूस निमूट परत फिरला असता, तो “हॉस्पिसचे पैसे आहेत” म्हणून पुढे रेटतो. शेवटी काका म्हणाले, “मी चाललो खाली. ज्याला लोकांचे पैसे कमवायचेत त्याने मला पाठीवर घ्या.” उतरलो. गावात तो भोकं पडलेला ब्लोइंग स्टोन आहे. आल्फ्रेड राजाने तो फुंकून सैन्य गोळा केलं, अशी गोष्ट सांगतात. कोल्हापूरकरांनी गाल फुगवून फुंकला. कोणी जमलं नाही.

गाळलेला तुकडा पुढच्या रविवारी सहा जणांनी भरून काढला. गटातले किमान चौघे चालले तर मैल धरायचे, असं आधीच ठरलंय. त्या दिवशी लख्ख ऊन, गवतावर दहिवर गोठलेलं. स्पारशोल्टच्या डोंगरावर वाटेच्या कडेला एक नळ आहे, चौदा वर्षांच्या एका मुलाच्या स्मरणार्थ लावलेला. त्याला रानवाटा आवडायच्या, असं त्यावर लिहिलंय. साऱ्या कण्यावर पाणी शोधत आलेली आम्ही माणसं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पाणपोई असते, वर ‘कै.’ लिहून नाव असतं, ती ओळ आपण वाचत नाही आणि पाणी पिऊन निघतो. इथे सहाही जणांनी वाचली. बाटल्या भरलेल्याच होत्या, तरी घोट घोट घेतला.

चौथा टप्पा, कोर्ट हिल ते गोरिंग, चौदा मैल, आमचा आजवरचा सर्वांत मोठा. पहाटे पावणेआठला चालायला लागलो, हाच काय तो शहाणपणा. एका बाजूला रेसच्या घोड्यांची धावपट्टी, दुसऱ्या बाजूला खाली हारवेल आणि डिडकॉट. डिडकॉटच्या वीजकेंद्राचे सहा प्रचंड मनोरे इथल्या प्रत्येक फोटोत असायचे. तीन २०१४ मध्ये पाडले, उरलेले २०१९ मध्ये. वहिनींना ते कुरूप वाटायचे, आता त्यांच्याशिवाय दिशा कळत नाही म्हणून त्याच कुरकुरत होत्या. शेवटचा उतार स्ट्रीटलीपर्यंत डांबरी, गुडघ्यांना वाईट. डोंबिवलीकर नव्या बुटांत, दोन फोड.

पुढचा टप्पा तीन आठवड्यांनी, गोरिंग ते वॉटलिंग्टन, सुमारे पंधरा मैल. आधी नदीकाठ, मग ग्रिम्स डिच हा प्राचीन मातीचा बांध आणि खंदक, आणि स्विनकमच्या छोट्या चर्चभोवती तोवर स्नोड्रॉपची पांढरी फुलं टिकली असतील तर तीही. आकाशात घारी असतील. या लाल घारी इथून नाहीशाच झाल्या होत्या, १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून पुन्हा वसवल्या.

काकांना आणखी एक वळसा हवाय. वाटेपासून तीनेक मैलांवर स्टोक रो गावात सोनेरी हत्ती आणि घुमट असलेली विहीर आहे. याच टेकड्यांतला एक इंग्रज अधिकारी आझमगडला होता, त्याने तिथे विहीर खोदवली होती. इकडच्या पाण्याच्या टंचाईच्या गोष्टी त्याच्याकडून ऐकून काशीच्या महाराजांनी १८६४ मध्ये ही विहीर इथल्या गावाला बांधून दिली. खोली ३६८ फूट, सगळी हाताने खणलेली. “टाकं नाही तर विहीर तरी बघू,” काकांचं म्हणणं.

जाऊन-येऊन सहा मैल. ते धरले जाणार नाहीत, असं वहिनींनी आधीच वहीत लिहून ठेवलंय.