मुंबई–दिल्ली उड्डाण: गणितातलं अंतर जुळलं, आता ट्रॅकची पाळी

मुंबई–दिल्ली सरळ अंतर आणि विमान प्रत्यक्षात उडतं तो मार्ग (ट्रॅक) यांची तुलना करायची आहे. त्यातला सरळ अंतराचा हिशेब पक्का झाला. घेतलेले बिंदू: मुंबई विमानतळ १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व, दिल्ली २८.५६६५ उत्तर, ७७.१०३१ पूर्व. हॅवरसाइनमध्ये (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायच्या सूत्रात) अक्षांशांच्या फरकाच्या निम्म्याचा साइन-वर्ग ०.००६८३ येतो. रेखांशांचा तसाच वर्ग काढून दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणला की ०.००११३. बेरजेचं वर्गमूळ ०.०८९२, त्याच्या आर्कसाइनची दुप्पट ०.१७८६६ रेडियन. गुणिले पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किमी, म्हणजे ११३८ किमी किंवा ६१४.६ सागरी मैल.

हेच डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलावर (जीपीएस वापरतं त्या, ध्रुवांकडे किंचित चपट्या पृथ्वीवर) मोजलं की ११३५ किमी येतं. हा ३ किमीचा फरक खरा आहे. मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण आहे (निघताना दिशा २१ अंश), आणि या अक्षांशांवर त्या दिशेची वक्रता-त्रिज्या ६३४६ किमीच्या आसपास असते, ६३७१ नाही. पुढच्या सगळ्या तुलनेसाठी ११३५च धरावं.

हिशेबाच्या स्प्रेडशीटमध्ये सर्वांत जास्त फसवणारी चूक: १९ अंश ०५ मिनिटं १९ सेकंद हे १९.०५१९ असं भरणं. बरोबर आकडा १९.०८८६. एवढ्याने मुंबई ४ किमी दक्षिणेला सरकते आणि उत्तर इतकं पटण्यासारखं येतं की शंकाच येत नाही. अंशांचे रेडियन करायचे राहिले तर निदान उत्तर वेडंवाकडं दिसतं.

आता ट्रॅक. विमानं आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करतात. ती ऐकायला आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ), पाव-तरंगलांबीचा अँटेना ६.९ सेंमी, सोबत संदेश उलगडणारा डम्प१०९० प्रोग्रॅम. ३५,००० फुटांवरचं विमान रेडिओ-क्षितिजाच्या हिशेबाने फार तर ४२५ किमीपर्यंत ऐकू येतं, म्हणून एका गच्चीवरून पूर्ण मार्ग मिळणार नाही; मधला भाग ओपनस्कायच्या (अनेकांच्या रिसीव्हरांची नोंद एकत्र करणाऱ्या नेटवर्कच्या) डेटातून भरावा. बेरीज करण्याआधी जमिनीवरचे बिंदू काढून टाका. मिनिटाला एकच बिंदू ठेवला तर ४५० नॉट्सला (ताशी ४५० सागरी मैलांना) दोन बिंदूंत १३.९ किमी पडतात आणि वळणं कापली जातात. मुंबईत धावपट्टी २७ वरून उडालेलं विमान आधी समुद्राकडे जातं, आणि दिल्लीत धावपट्टी २८ किंवा २९ वर उतरायचं तर पूर्वेकडून वळून यावं लागतं. सरळ अंतरापेक्षा वाढलेले किलोमीटर मुख्यतः या दोन टोकांना सापडतात.

वेळेचे दोन रकाने हवेतच. चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत एक, चॉक्स (उभ्या विमानाच्या चाकांखालच्या पाचरी) काढल्यापासून लावेपर्यंतचा ब्लॉक टाइम दुसरा. तिकिटावरचे दोन तासांहून जास्त हे दुसऱ्याचे. ११३५ किमी, म्हणजे ६१३ सागरी मैल, ४५० नॉट्सने ८२ मिनिटं होतात. चढण, उतरण आणि रांग त्यावर. डेटा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतो, भारतीय वेळेसाठी ५:३० तास मिळवायला विसरू नका.

हिवाळ्यात जाणं-येणं वेगळं नोंदवावं. उत्तरेकडच्या ३०० सागरी मैलांवर १०० नॉट्सचा पश्चिमी वारा धरला तर जाताना जमिनीवरचा वेग ४७६, येताना ४०४ नॉट्स. तेवढ्याच टप्प्याला ३८ आणि ४५ मिनिटं. वारा जवळजवळ आडवा असूनही इतका फरक पडतो, म्हणून दोन्ही दिशांची सरासरी एका रकान्यात घालू नये.